बंदुकीला चढवलेला साज

बिश्केक, ८ ऑक्टोबर २००६

ती. बाबांस,
केंजेचा सा. न. माणसं-जनावरं सुखरूप ना? गुडघा काय म्हणतो?

गावाकडे फेऱ्या करणाऱ्या सामातच्या गाडीतून तुमची बंदूक परत पाठवते आहे. घोंगडीत गुंडाळलेली लांबलचक वस्तू तीच, पण बघितल्यावर ओळखाल की नाही शंका आहे. डोळे दाखवायला आलात तेव्हा तुम्ही जाता जाता म्हणालात ना, की पट्टा तुटलाय आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आताशा अंधुक दिसते? तुमच्या जावयानं ते भलतंच मनावर घेतलं. आठवडाभर स्वयंपाकघरातलं टेबल त्यानं अडवलं होतं. वर दुर्बीण, नळीखाली घडीचे दोन पाय, कडेला बॅटरी, दस्त्यावर गालाला मऊ गादी, शिवाय काडतुसं खोचायची पट्टी. आम्ही मायलेकी खिडकीच्या कट्ट्यावर जेवत होतो. मी म्हटलं, आता एक समोवार तेवढा लाव, म्हणजे बाबांची चहाचीही सोय होईल. तर दोन दिवस रुसला.

आयजान रोज सुरबीची चौकशी करते. तिला होईल ते शिंगरू आयजानचं, असं तुम्ही बोलून बसलात, आता सुटका नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या घोडीचीच काळजी. आई लग्नात जिच्यावर बसून आली त्या घोडीच्या वंशातली ही एकटीच उरलीये. लांडगे उतरायच्या आत बंदूक हाताशी असावी म्हणून घाईनं पाठवते आहे.

लोभ कमी होऊ देऊ नका.
तुमची केंजे

*

आत-बाशी, हिवाळी तळ, २९ ऑक्टोबर

चि. केंजेस अनेक आशीर्वाद. जावईबापूंना माझा सलाम आदरपूर्वक सांगणे. जनावरं ठीक, गुडघा माझ्यापेक्षा म्हातारा झालाय.

बंदूक पोचली. शेजारचा जुमाश ती बघायला म्हणून आला आणि तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाला, नवरी फारच नटलीये, उचलून आणावी लागली असेल. त्याला चहा न देता घालवला. माझ्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीलाही लाकडाचे दोन पाय असत. वडिलांनी ते चुलीत घातले होते. आता पाय पुन्हा आले, तेही लोखंडाचे. जावईबापूंना सांग, वस्तू अव्वल आहे, हात कुशल आहे, एवढ्या मायेनं माझ्यासाठी आजवर कुणी काही केलं नव्हतं.

जरा जड झालीये, पण ते त्यांना सांगायचं कारण नाही. जावयानं दिलेला अंगरखा ढगळ झाला म्हणून कुणी उसवत बसतं का?

लांडग्यांची जोडी खिंडीपलीकडे दिसली. जुमाशचं एक खोंड गेलं, म्हणून मी त्याला परवा बोलावून चहा पाजला. सुरबीला घराजवळच्या उतारावरच चारतो. पोट दिसायला लागलंय. सुकवलेल्या दह्याचे गोळे, कुरूत, पाठवतोय, आयजानला सगळं एकदम देऊ नकोस.

तुमच्यावर माया आहेच, ती तशीच समजा.
बाबा

*

बिश्केक, १८ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न. कळप सुखरूप असो.

तुमचं पत्र मेदेरनं इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटलं. एवढ्या मायेनं कुणी केलं नव्हतं, ही ओळ तर त्यानं कामावरच्या लोकांनाही ऐकवली. तुम्हाला ठाऊक आहे, तो अनाथालयात वाढला. वडील मानून कुणाला काही द्यायची ही त्याची पहिलीच वेळ. लग्नात तुम्ही त्याच्या खांद्यावर मानाचा चपान अंगरखा घातलात तेव्हा तो कसा उभा होता आठवतं ना? सोबत त्यानं दुर्बिणीवर लावायची दोन झाकणं पाठवली आहेत, बर्फ जाऊ नये म्हणून. मी आता काही बोलत नाही.

पण एक विचारते. सामात म्हणत होता की तुम्ही उतारावर नुसती काठी घेऊन दिसता, बंदूक घरात टांगलेली असते. खरं का हे? जड होत असेल तर तसं सांगा, मी त्याला समजावीन. तो ऐकेल.

आयजाननं शिंगराचं नाव ठरवलंय. आम्हाला सांगत नाही, आधी आजोबांच्या कानात सांगायचंय म्हणे.

असाच लोभ राहू द्या.
केंजे

*

हिवाळी तळ, १२ डिसेंबर

चि. केंजेस आशीर्वाद.

वाईट बातमी आहे, ती आधी लिहितो. सुरबी गेली. गेल्या मंगळवारी सकाळी, उजाडता उजाडता, घरासमोरच्या उतारावर. जोडीच होती. मी बंदूक घेऊन बाहेर आलो, पण धुकं इतकं दाट होतं की काही दिसेना. एक गोळी झाडली ती वरून गेली. पोचलो तोवर ती आडवी झाली होती. जीव होता. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. पोटातलं हलत होतं, मग तेही थांबलं.

जुमाशनं येऊन पुढचं सगळं केलं. मला काही सुचत नव्हतं. तुझी आई गेली तेव्हाही मी चालता-बोलता होतो.

जावईबापूंना सांग, बंदुकीचा काही दोष नाही. धुकं होतं. हे नक्की सांग.

बाबा

*

बिश्केक, २४ डिसेंबर

ती. बाबांस,
मेदेरचा शि. सा. न.

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिली वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या. केंजेला हे दाखवलेलं नाही.

सामात त्या मंगळवारी तुमच्याच गावात होता. मी त्याला सहज विचारलं, धुक्यात गाडी कशी काढलीस? तो म्हणाला, कसलं धुकं, आठवडाभर आकाश काचेसारखं होतं आणि थंडी हाडं फोडत होती. पुढचं विचारायची गरज नव्हती. मीच सगळं बसवलं आहे. नळीखालचा डावा पाय कशाकशात अडकतो ते मला माहीत आहे. गरम घरातून तसल्या थंडीत नेली की दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते, हेही मला कळायला हवं होतं. आणि ती मी अशी बसवली की खालची माशी झाकून गेली.

बाजारात ज्याच्याकडून सामान घेतलं तो म्हातारा म्हणाला होता की चांगली बंदूक आहे, नळी साफ कर, नवा पट्टा लाव, माशीच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका दे आणि सोड. मला राग आला. वाटलं, कपड्यांवरून हा मला भिकारी समजतोय. म्हणून दुकानात दिसलं ते सगळं घेतलं. एका पट्ट्यावर आणि एका ठिपक्यावर सासऱ्याला तोंड कसं दाखवायचं, असं वाटलं होतं मला.

पाना पाठवतोय. सगळं काढून टाका. मला क्षमा करा असं म्हणायला मला तोंड नाही.

तुमचा जावई
मेदेर

*

हिवाळी तळ, ९ जानेवारी २००७

चि. मेदेर,
आशीर्वाद.

सामातचं तोंड कधीतरी शिवायला हवं. धुकं नव्हतं. दाराशी घोड्यांचा दोर टांगलेला असतो, त्यात बंदुकीचा पाय अडकला. ओढून काढला तर झाकण गोठलेलं. ते दातांनी उपटलं तर आत सगळं पांढरं. खाली माशी शोधली, ती सापडेना. चाळीस वर्षं जी बंदूक मी न बघता खांद्याला लावली, ती त्या सकाळी मला दुसऱ्या कुणाची तरी वाटली. आणि सुरबी ओरडत होती.

पण हे तुझ्या माथी मारायला लिहीत नाही. पहिल्याच दिवशी उचलली तेव्हा मला कळलं होतं की ही आता माझ्या कामाची नाही. केंजेनं सरळ विचारलंसुद्धा, आणि मी उत्तर दिलं नाही. जावयाची भेट, ती सोडायची कशी? पाहुण्यासमोर जेवण खारट झालं तरी आपण वाहवा करतो, तसं मी तुझ्याशी वागलो. माझा मुलगा असता तर त्याच दिवशी सामातच्या हाती बंदूक परत धाडली असती, आणि सोबत चार शिव्या. त्या शिव्या मी तुला दिल्या नाहीत. त्या वाचवल्या आणि घोडी घालवली.

तर आता घे. गाढवा, मला विचारल्याशिवाय माझ्या बंदुकीला पुन्हा हात लावलास तर कान उपटीन.

सगळं काढलं. दस्त्यावर तुझ्या स्क्रूंची चार भोकं राहिली, ती मेणानं बुजवलीत. खांद्याला लावली की बोट आपसूक तिथे जातं. माशीला पांढरा ठिपका मात्र दिला. तो म्हातारा शहाणा आहे, बऱ्यापैकी दिसतं.

केंजेनं लिहिलंय की आयजानला अजून काही कळू दिलेलं नाही, ती नाव मनात धरून बसलीये. वाट मोकळी झाली की तिला इकडे घेऊन ये. नाव तिनं माझ्या कानात सांगायचं ठरलंय, ते मी आधी ऐकून घेईन. मग काय ते मीच सांगेन. तू फक्त माझ्या शेजारी बस.

तुझा बाप
तुर्दुबेक