काट्यावरची खुर्ची

३ ऑक्टोबर १९९६
पाच महिन्यांनी साखर कारखान्यात हजर. मिरजेला मनाच्या डॉक्टरांकडे ॲडमिट होतो हे कुणालाच माहीत नाही. टायफॉईड झाला होता असं सांगितलंय. सगळ्यांना पटलंय. हंगाम सुरू झाला की वजनकाट्यावरची माझी खुर्ची मला परत. तोवर स्टोअरमध्ये बसा, मॅनेजरसाहेब म्हणाले. बसतो. संकल्प : रोज गोळी आणि राग अजिबात नाही.

७ ऑक्टोबर
काम शून्य. मागितलं की आराम करा म्हणतात. मी आत गेलो की शिपाई धुळा टेबलावरची कात्री उचलून खिशात घालतो. कारखान्यात चोऱ्या वाढलेल्या दिसतात.

११ ऑक्टोबर
लेबर ऑफिसरनी धुळाला फाईल फेकून मारली. वर आईवरून शिव्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मी फक्त पंखा बंद आहे एवढं जरा मोठ्यानं म्हणालो, तर तिघे धावले. धुळा म्हणतो, ‘‘नाथाजीराव, गोळी घेतलीसा न्हवं?’’ टायफॉईडची गोळी पाच महिने कोण घेतं रे गाढवा! हे मनात. वरून हसलो. संकल्प शाबूत.

१८ ऑक्टोबर
सगळ्यांना माहीत आहे. बहुतेक पहिल्या दिवसापासून. डोक्यात तिडीक गेली. पण काट्याला धक्का लागणार नाही. अकरा हंगामांत एका गाडीचं वजन चुकलेलं नाही माझं.

२५ ऑक्टोबर
काट्यावर केरबा बसणार! दुपारी दोननंतर ज्याला सरळ चालता येत नाही तो केरबा! गेल्या वर्षी मी दोन दिवस रजेवर होतो, तर एकच ट्रॅक्टर दोनदा मोजला त्यानं. साहेबांना जाब विचारला. म्हणाले, ‘‘आवं, प्यालेल्याची सकाळी उतरती. तुमचं कवा बिघडंल, कसं कळायचं?’’ ओरडलो. पार गेटपर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो. संकल्प मोडला नाही. तो राग नव्हता, खुलासा होता.

३० ऑक्टोबर
उद्या आईला घेऊन या, असा साहेबांचा निरोप. खुलासा लागू पडला. माफी मागायची असेल, तीही घरच्यांसमोर. रीतच आहे. शर्टाला इस्त्री केली.

३१ ऑक्टोबर
माफी नाही. कागद. ‘सदर कर्मचारी जबाबदारीच्या कामास योग्य नाही, त्यास बागेत हलके काम द्यावे, आमची तक्रार नाही.’ फाडणार होतो. संकल्प आठवला. पेन काढलं. साहेब म्हणाले, तुमची सही चालायची नाही, पालकाची पाहिजे. मी बेचाळीस वर्षांचा! आई म्हणाली, ‘‘मला कुटं लिवाय येतंय, सायेब?’’ अंगठा चालतो म्हणाले. तिचा अंगठा मीच धरून शाईत दाबला. ‘‘कशाचा कागद रं ह्यो?’’ तिनं विचारलं. नोकरीचा, म्हणालो.

अंगठ्याशेजारी तो कुणाचा हे लिहावं लागतं. धुळा अंगठेबहाद्दर, साहेब घाईत. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. ‘‘तुमीच लिवा. अक्षर चांगलं हाय तुमचं.’’

लिहिलं.