पायल ‘जातो’ म्हणाली

१८ सप्टेंबर, वाशीम

फार दिवस लिहिलं नाही. माफी मागायची ती स्वतःचीच.

आज मुक्ताच्या वर्गातली पायल घरी आली. माझ्या ऑटिस्टिक पोरीकडे आजवर कुणी फिरकलं नाही, मग हीच का? बाईंनी पाठवलं? की गंमत बघायला? मी दाराआडून ऐकत राहिले.

निघताना म्हणाली, “मुक्ता, मी जातो आता.”

‘जातो’? चिडून टोकलंच मी, “येतो म्हणावं गं!”

“काकू, ‘येतो’ म्हटलं का मुक्ता फाटकापाशी वाटच पाहत राह्यते. शाळेतबी.”

मुक्ता निवांत आत वळली.

मी ‘येते’ म्हणून निघाले की मुक्ता रोज फाटकाशी थांबते, ते मी प्रेम समजत होते. पायल परत येईल? शंका आहेच.

उद्या: ऑफिसला निघताना ‘जाते’ म्हणायचं.