नसलेल्या खांबाला वळसा

तीर्थरूप दाजींच्या चरणी साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सध्या पाचच वाकतात, उरलेली तीन सुजली आहेत. तरी नमस्कार पूर्ण पावला असं समजावं, राहिलेला भेटीअंती घालीन.)

इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताई खोकल्याचं औषध घेते की नुसतं शेजारणीला दाखवते? तुमचं पत्र पोचलं. पत्र चांगलं दोन पानी होतं, पण मजकूर एका ओळीचाच होता, की माडीवरचा हॉल रोज संध्याकाळी चिरंजिवांना दे आणि त्या म्हाताऱ्या कराटेवाल्या सरांना सकाळची वेळ दे. बाकी सगळी हवा-पाण्याची चौकशी. दाजी, तुम्ही मला हवा विचारायला लागलात की मी समजतो, तुम्हाला पुढचं बोलायला जड जातंय. ताईला मागणी घालायला आलात तेव्हाही आमच्या वडिलांशी तासभर ढगांवरच बोलत होतात.

प्रकरण मुळापासून सांगतो, कारण चिरंजिवांनी तुम्हाला त्यांच्या बाजूने सांगितलं असणार. मोटार-वाइंडिंगचं वर्कशॉप खाली आणि हॉल वर. ही इमारत मी घेतली तेव्हा गळके नळ, खचलेला जिना आणि सर, हे तिन्ही तिच्याबरोबरच आले. नळ बदलले, जिना बांधला, सर तसेच राहिले. बायको गेलेली, मुलगी परदेशी, आणि या हॉलखेरीज त्यांना जायला दुसरी जागा नाही. ते फक्त काता शिकवतात. काता म्हणजे समोर कुणीही नसताना, ठरलेल्या क्रमाने हवेशी केलेली मारामारी. तुमचे चिरंजीव विम्याच्या कंपनीतली बरी नोकरी सोडून आले आणि त्यांनी 'प्रॅक्टिकल' सुरू केलं, म्हणजे समोर माणूस पाहिजेच. आजवर दोघं एकाआड एक संध्याकाळ वाटून घेत होते. आता दोघांनाही रोजची हवी, कारण सकाळी उठून मार खायला कोण येतं? ज्याला सकाळ मिळाली त्याने क्लास बंद केला असंच समजायचं. म्हणजे एकाचं म्हातारपण आणि एकाची नवी उमेद माझ्या किल्लीच्या जुडग्यात अडकली. आणि दोघंही जिन्यात भेटले की मलाच ऐकू जाईल अशा बेताने बोलायचे.

'सर, रस्त्यावर कुणी अंगावर आला तर तो तुमचा क्रम पाळून येईल का?' इति चिरंजीव.

'तो नाही पाळणार. म्हणून तर आपण पाळायचा,' इति सर. आणि चप्पल काढून वर.

आता तुम्हाला माहीत आहे, मी कानावर जगलेला माणूस. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावली की बेअरिंग गेलंय का नुसतंच रुसलंय ते सांगतो. दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारत होतो तेव्हापासूनची ही एकच इस्टेट. तर वरचे दोन्ही क्लास मी न बघताच ऐकत आलोय. सरांच्या क्लासचा आवाज म्हणजे सगळ्यांचं पाऊल एकदम पडतं, ठक्, ठक्, ठक्, आणि मध्येच एका जागी सगळे पाय खस्सकन बाजूला सरकतात, मग पुन्हा ठक्. चिरंजिवांच्या क्लासात आधी हशा, मग गाणी, मग 'धप्प', आणि मग 'हाऽऽ!' हे शेवटचं मला बरेच दिवस खुपत होतं. कारण दाजी, माणूस पडल्याचा आवाज आधी आणि मारणाऱ्याची आरोळी नंतर! मोटार असती तर मी उघडून बघितली असती.

म्हणून दोघांना सांगितलं, आधी मी तुम्हा दोघांकडे शिकतो, मग काय ते ठरवतो. (यावर ही म्हणाली, 'गिऱ्हाईक मोटार चालवून बघतं, आत शिरून नाही बघत.' मी दुर्लक्ष केलं. सुजेचा शेक आता तीच देते आणि प्रत्येक शेकाबरोबर हे वाक्य पुन्हा म्हणते.)

चिरंजिवांकडे मला कॉलर धरणाऱ्यापासून सुटका शिकवली. समोरच्याने उजव्या हाताने कॉलर धरायची, आपण त्याचा अंगठा पिरगाळायचा, कोपर मारायचं, तो पडतो. जोडीला एक बँकेतला कारकून दिला होता. अतिशय सज्जन माणूस. मी नुसता हात उचलला की तो पडायचा. एकदा मी नाक पुसायला हात उचलला तरी पडला. तेव्हा मला 'धप्प' आणि 'हाऽऽ' यांचा हिशेब लागला. रोज एकमेकांना पाडून पाडून ती मंडळी इतकी समजूतदार झालीत की मार बसायची वाट कुणी बघत नाही. एक दिवस मात्र तो कारकून आजारी पडला आणि एक नवा जिमवाला आला, ज्याला पडायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. माझा खांदा आणि कोपर ही दोन अंगं त्या दिवसाची.

तिसरं अंग, गुडघा, सरांकडचं. त्यांनी मला उभं राहायला शिकवलं. मी म्हटलं, सर, पन्नाशी उलटली, आजवर स्वतःच्याच पायावर उभा आहे. ते म्हणाले, 'तुम्ही उभे नाही, टेकलेले आहात.' मग गुडघे वाकवून असं उभं केलं की त्यापेक्षा पडलेलं बरं. त्यानंतर काता. चार पावलं, वळण, हात, आणि मग ती खस्सकन बाजूला सरकायची पायरी. ही पायरी कशाची, असं मी शेजारच्या काळ्या पट्ट्याच्या विद्यार्थ्याला विचारलं. त्याने डोळे मिटून सांगितलं, 'अदृश्य शत्रूला वाट देणं.'

दाजी, मला हसू आवरेना. कारण तो अदृश्य शत्रू मीच कापून त्याची वर्कशॉपात फळी केली आहे! पूर्वी हॉलच्या मधोमध पोटमाळ्याला टेकू देणारा लाकडी खांब होता. सरांची सगळी पिढी त्याला वळसा घालून काता करायची, दुसरा इलाज नव्हता. चिरंजिवांनी मोकळी जागा हवी म्हणून हट्ट धरला, मी पोटमाळा आणि खांब दोन्ही काढले. दुसऱ्या दिवशी जागा रिकामी, पण सरांचा अख्खा क्लास तिथे पोचला की इमानेइतबारे बाजूला. मी सरांना हळूच म्हटलं, आता सरळ जायला हरकत नाही. ते म्हणाले, 'खांब तुमचा होता, तुम्ही काढलात. पाऊल आमचं आहे.' मीही बाजूला सरकायला शिकलो. मनात म्हटलं, चला, संध्याकाळ भाच्याला देऊन टाकू, हे म्हणजे शुद्ध हवेत वळसे आहेत.

आणि नेमका लाँड्रीवाला आला.

त्याच्या ड्रायरची मोटार माझ्याकडून जाऊन पुन्हा बंद पडली होती. राग रास्त होता, आवाज जरा जास्त होता. भर दुपारी येऊन त्याने माझी कॉलर धरली. पण डाव्या हाताने! मला तर उजव्याचं शिकवलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, 'जरा उजव्या हाताने धरता का?'

'काय?'

'मला डाव्याचं अजून झालेलं नाही.'

आणि दाजी, माणूस गोंधळला की किती सालस होतो बघा, त्याने खरोखर हात बदलला. पण तोवर पुढे अंगठा की कोपर तेच मी विसरलो. चिरंजीव त्या वेळी जिन्यात उभे होते, तिथून त्यांनी मला मोलाच्या सूचना केल्या ('मामा, कोपर! कोपर!'). मी कोपर हलवलं, लाँड्रीवाला पडायला तयार होईना. सगळेच काही बँकेत नसतात. शेवटी कॉलर फाटली आणि मी सुटलो. तो 'ए मोटारवाल्या' म्हणून खाली मान घालून रेड्यासारखा धावून आला. पुढचं मी केलं नाही, पायांनी केलं. चार पावलं, वळण, हात, आणि खस्सकन बाजूला.

वरचा खांब लाकडी होता, काढला. त्याच्या बरोबर खाली वर्कशॉपातला सिमेंटचा खांब आहे, तो इमारतीचा आहे, तो कोण काढणार? मी वळसा घालून पलीकडे गेलो. लाँड्रीवाला सरळ आला.

तो आवाज मी विसरणार नाही. भरीव, एकसंध, कुठे पोकळपणा नाही. खांब उत्तम आहे. माणूसही उत्तम आहे, टेंगूळ आलं तेवढंच. अडचण अशी झाली की काता मध्येच थांबवता येत नाही. तो खाली बसून डोकं चोळतोय आणि मी त्याच्याभोवती उरलेला सगळा काता पुरा करतोय, शेवटच्या आरोळीसकट. शेवटी कमरेत वाकून नमस्कार केला. त्यानेही बसल्या जागी केला. हिने त्याला बर्फ आणि चहा दिला, मी मोटार त्याच्यासमोर उघडली, चूक माझ्या माणसाची निघाली, आणि तो जाताना विचारून गेला की हे वळायचं कुठे शिकवतात.

संध्याकाळी सरांना सांगितलं, तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. फक्त म्हणाले, वळताना टाच उचलली असणार. (उचलली होती!)

तर निर्णय असा. संध्याकाळ सरांची, सकाळ चिरंजिवांची. निर्णय सर्वस्वी माझा आहे, मी हटवादी आहे हे ताई लहानपणापासून सांगते आहे. शिव्या मलाच घालाव्यात, चिरंजिवांचा यात काडीचा दोष नाही. ताईस नमस्कार, तुमच्या गुडघ्यास शेक.

आपला,
मेहुणा (पंचांगी)

ता. क. तुमच्या वखारीत छतापर्यंत पोचेल असा एखादा सरळ सागवानी खांब असला तर पाठवावा. चिरंजिवांनीच मागितलाय. वळसा शिकायचा तर खांब नको का, असं त्यांचं प्रॅक्टिकल म्हणणं आहे.

आणखी ता. क. ताई तुमच्याकडून पत्र मोठ्याने वाचून घेते हे मला माहीत आहे, म्हणून तिला इथवरच वाचून दाखवा आणि खोकला आल्यासारखं करा. खरं असं की निर्णय मी केलाच नाही. त्या दिवशी लाँड्रीवाला गेल्यावर चिरंजीव हिशेबाच्या टेबलाशी येऊन बसले. मग म्हणाले, 'मामा, मी तीन पायऱ्यांवर होतो. माझे हात उठलेच नाहीत. नुसता ओरडत राहिलो.' मी म्हटलं, अरे, माझे तरी कुठे उठले, पाय सरकले इतकंच. तर म्हणाले, 'तेच तर. संध्याकाळ सरांना दे. मी त्यांच्याकडे मागच्या रांगेत उभा राहतो. पण बाबांना यातलं कळू देऊ नको.' दाजी, नोकरी सोडली तेव्हा तुम्ही त्याला जे बोललात ते त्याला पाठ आहे, कात्यापेक्षा चांगलं. तेव्हा माझी खरी विनंती एवढीच, की मला एक सणसणीत रागाचं पत्र लिहा. मामाने भाच्यावर अन्याय केला, मामा पक्षपाती, काय हवं ते लिहा. ते मी टेबलावर उघडं ठेवतो, तो वाचेल.

अगदी शेवटचं. खांब पाठवू नका. सरांनी मोडता घातला. म्हणाले, खांब उभा असला की गाढवसुद्धा बाजूनं जातं. आत्ता लिहितोय तेव्हा वर क्लास चालू आहे. ठक्, ठक्, ठक्, मग सगळ्यांचे पाय एकदम खस्स. मागच्या रांगेत दोन पाय त्या जागी क्षणभर थांबतात आणि मग सरकतात. ते तुमच्या मुलाचे. काल ते जास्त वेळ थांबत होते.