वन्संचा डबा

ती. वन्संना नमस्कार,

तुम्ही पाठवलेला ताकदीच्या पावडरीचा डबा पोचला. टपालखर्चच डब्याच्या निम्मा. जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून हे माझ्या हातचं काही गिळत नव्हते, तुमचा डबा मात्र आवडीनं संपवला. खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. आता त्याच डब्यात मी घरी भाजून दळलेल्या डाळी भरते नि तुमचा दुसरा डबा आला म्हणून सांगते. यांचं वजन वाढलंय. डॉक्टरांना म्हणाले, "ताईनं जगवलं मला." मी देवापुढे रडले, पण बोलले नाही, कळलं तर पुन्हा तोंड मिटतील.

हे पत्र टाकायचा धीर होईलसं वाटत नाही. झालाच, तर त्यांनी विचारल्यावर दुसरा डबाही तुम्हीच पाठवलात म्हणाल ना? उलट टपाली कळवा.

तुमची भावजय