शनिवारची खिचडी

महागाव,
५ ऑगस्ट २०२४

पूज्य भंते यांना त्रिवार वंदन व सप्रेम जयभीम.

वर्षावासाचे तीन महिने विहारात असताना तुम्ही फोन ठेवत नाही, म्हणून पत्र. सख्ख्या भावाला ‘दादा’ लिहावं की ‘भंते’, यात दोन कागद फाडले.

शाळेत तपासणी झाली. पोषण आहार बाहेरचं कोणी जेवतं का, असं साहेबांनी विचारलं. आपली खुशी उभी राहिली आणि म्हणाली, मूल्यशिक्षण शिकवायला येणारे भंते, माझे मामा, गेलं वर्षभर दर शनिवारी जेवले. खोटं बोलू नये, हे तुम्हीच शिकवलेलं. भिक्खूंच्या नियमाप्रमाणे तुमचं जेवण बाराच्या आत व्हावं म्हणून मी शाळेच्या खिचडीतलीच तुमच्या पात्रात वाढायची. घरून आणली म्हणून सांगायची. चूक माझीच.

मुख्याध्यापकांनी मला स्वयंपाकावरून थांबवलं आहे. खुशीचे बाबा गेल्यापासून तेवढाच आधार. सोळा तारखेला चौकशी समिती तिला पुन्हा विचारणार. माझं ती ऐकत नाही. मामा घरचा डबा जेवायचे एवढं बोल, असं तिला लिहा.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त असू द्या.
नलू

राजूर विहार,
१० ऑगस्ट

आयुष्मती नलू, मंगल हो.

तुझं पत्र मिळालं. न दिलेलं घेऊ नये म्हणून मुलांना शिकवत होतो आणि त्यांच्याच पातेल्यातलं जेवत होतो. पण ज्या तोंडानं खरं शिकवलं, त्याच तोंडानं खोटं बोल कसं सांगू? मी आजच मुख्याध्यापकांना लिहिलं आहे, खिचडी मी खाल्ली, दोष माझा, बहिणीला कामावर ठेवा. लेकराला आता काही बोलावं लागणार नाही.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
शीलवंश

महागाव,
२० ऑगस्ट

भंते, वंदन.

तुमचं मला आलेलं पत्र समिती झाल्यावर मिळालं. शाळेला लिहिलेलं आधीच पोचलं होतं.

खुशीला मी पुन्हा काही सांगितलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, मी चुकले, मामा घरचाच डबा जेवायचे. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली, तेही माझ्यासाठी. मुख्याध्यापकांनी तिच्यासमोरच तुमचं पत्र वाचून दाखवलं.

माझ्या जागी दुसरी बाई आली. तुमचा तासही बंद झाला. पोरं खुशीला खोटारडी म्हणतात, ती शाळेत जात नाही. काल एवढंच म्हणाली, खरं बोलली तं आईचं काम गेलं, खोटं बोलली तं मामानंच उघडं पाडलं, मंग म्या बोलावं काय. मला रडू आवरलं नाही.

याचं उत्तर तुमच्यापाशी असलं तरी तिला पाठवू नका. मामाचं पत्र ती आता उघडणार नाही.

लोभाचं काय लिहू?
नलू