खोक्याच्या फळ्यांचा देव्हारा

साओ पाउलो, ब्राझील, कॉफीचा मळा

दादा, दुरूनच वाकून नमस्कार.

त्सुया आणि मी, आम्ही दोघं बरी आहोत. तोडणी संपली. आईचे गुडघे कसे आहेत?

एक सांगतो, रागावू नका. आमच्या पोरीचा, किनुएचा, बाप्तिस्मा केला होता. मुकादमाची बायको बेनेदिता तिची धर्ममाता झाली. त्याशिवाय इथे कुणी आपलं म्हणत नाही. त्सुया म्हणाली, "पाणीच तर आहे, पुसलं की गेलं!"

पोरीला ताप आला, तेव्हा तीच बेनेदिता तीन दिवस उशाशी बसून होती. पण पोर गेली, दादा. क्रॉसखाली पुरली. आपला भिक्षू इथे कुठला? मला येत होता तेवढा मंत्र मी पुटपुटलो. पाद्री बघायला लागला, तर बेनेदिता त्याच्यावरच खेकसली, "म्हणू दे त्याला! बाप आहे तो."

इथली आपली जपानी माणसं घरात पितरांचा देव्हारा मांडत नाहीत. परत तर जायचंय, म्हणतात. मी परवा खोक्याच्या फळ्या ठोकून पोरीसाठी एक केला. त्सुया भात ठेवते, बेनेदिता मेणबत्ती लावून जाते.

आईला पोरीचं हळूच सांगा. देव्हाऱ्याचं मात्र सांगू नका. मी आता परतणार नाही, हे तिला लगेच कळेल.

तुमचा धाकटा,
इसोकिची