ओरोबद्दल दोन बरे शब्द

ऑबिदुस,
३ नोव्हेंबर १९९६

चि. ओरो हिस आजी मेसोदीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला आजी नावाची एक बाई होती, ती नदीकाठी ऑबिदुस गावात राहते आणि अजून जिवंत आहे, एवढं कळवण्यासाठी हे पत्र. पाचशे वर्षांपूर्वी कुठल्या गावात कोण काय पुटपुटत होतं ते तुला तोंडपाठ, पण आजीला पत्र टाकायचं तेवढं डोक्यातून जातं. आपल्या नव्या वर्षाला नाही, मोठ्या उपासाला नाही. राइमुंदा म्हणाली, मुलगी कामात असेल. मी म्हटलं, नदीसुद्धा कामातच असते, तरी दर आठवड्याला बोट आणून सोडते.

हे लिहितेय ती राइमुंदाच, तुझी पहिलीतली बाई. मी बोलते, ती लिहिते आणि लिहिता लिहिता माझं बोलणं सुधारते. सुधारू नकोस म्हटलं, तर तेही सुधारून लिहिते.

तुझ्या जेमेकाकाचा मनाउसहून निरोप आला. म्हणतो, डिसेंबरात ओरोची नोकरी संपतेय, तिला माझ्या दुकानात बसू दे, बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकायला डोकं लागतं आणि ते तिला आहे. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. खरं काय ते तूच कळव. आणि ती शिष्यवृत्ती की काय म्हणत होतीस, ती समजेल अशी लिही. मला समजली तर राइमुंदालाही समजेल.

लोभ असू दे, निदान एका तिकिटाच्या वजनाइतका.

तुझी,
आजी


साओ पाउलो,
१४ नोव्हेंबर १९९६

ती. आजीस ओरोचा शि. सा. न. वि. वि.

मार खाल्ला, कान धरले, आता ऐक.

जेमेकाकाचं खरं आहे. विद्यापीठातली माझी जागा हंगामी, डिसेंबरअखेर संपते. यहुदी इतिहास शिकलेल्या नव्या माणसाला कायमची जागा मिळेपर्यंत शिष्यवृत्त्यांवरच दिवस काढावे लागतात. लहानसहान मिळतात मला. कुठल्याशा ग्रंथालयात महिनाभर जुने कागद वाचा आणि परत या. परिषदेला या, निबंध वाचा, जेवा, परत जा. उन्हाळ्यात हिब्रू हस्तलिखितांचा वर्ग करा, परत या. आजी, मी परत येऊन येऊन दमले.

ही शिष्यवृत्ती मोठी आहे. जेरुसलेममधली एक संस्था नुकती डॉक्टरेट झालेल्यांना दोन वर्षं तिथे ठेवून घेते. दोन वर्षं कुणी विचारणार नाही, उद्या काय म्हणून. त्यात मला पुस्तक लिहायचंय, आपल्या नदीकाठच्या बायकांचं. रबराच्या व्यापाराच्या दिवसांत मोरोक्कोहून आलेल्या पणज्यांनी आपल्या बोलीत काय काय जपलं ते. बाळंतिणीच्या खोलीतली गाणी, आशीर्वाद, शिव्या, सगळं. पण डॉक्टरेटनंतर पाच वर्षांतच अर्ज करता येतो आणि माझं हे पाचवं चालू आहे. यंदा नाही तर कधीच नाही. इंजिनांचे भाग विकत पुस्तक होणार नाही. आणि रागावू नकोस, पण ज्यांना विचारायचं त्या बायकांपैकी बोलणारी तू एकटीच उरलीस.

आता महत्त्वाचं. निवड समितीतल्या एक प्राध्यापक, फानी ग्रुनबर्ग, ब्वेनोस आयरेसच्या, मूळ घर पोलंडकडचं, बेलेमला येत आहेत. तिथून बोटीने आपली जुनी दफनभूमी बघायला ऑबिदुसला येतील. माझी मुलाखत त्यानंतर आहे. त्यांना जेवायला घाल, जुनं आठवेल ते सांग. आणि माझ्याबद्दल विचारलंच, तर दोन बरे शब्द बोल. दोनच.

राइमुंदाबाईंना नमस्कार. त्यांनी काहीही सुधारलं तरी चालेल.

तुझी,
ओरो


ऑबिदुस,
१ डिसेंबर १९९६

चि. ओरो हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी प्राध्यापीण येऊन गेली. शुक्रवारी दुपारी बोटीतून उतरली ती डोक्यावर हॅट, पायात डोंगर चढायचे बूट. इथे डोंगर कुठला, घाटाच्या पायऱ्या तेवढ्या आहेत. बाई चांगली आहे. पिरारुकू मासा ठेवला पुढे, तर आधी खवले आहेत ना, आपल्या धर्माला चालतो ना, म्हणून विचारलं. मी म्हटलं, या घरात बिनखवल्याचा मासा दारातून आत आला तर तो चालत आला असेल, मी आणलेला नसेल. मग जेवली. शनिवारी डफिना, रात्रभर मंद विस्तवावर शिजलेली, दोनदा मागून घेतली. जेवणानंतर वही-पेन काढलं, तर मी ठेवायला लावलं. शब्बाथला माझ्या घरात लिहायचं नाही. मला अक्षर येत नाही आणि मी प्राध्यापिणीचं पेन बंद केलं, याचं राइमुंदाला अजून हसू येतंय.

जन्माची, लग्नाची, मेल्याची सगळी गाणी म्हटली. आज सकाळी दफनभूमीत प्रत्येक दगडाखाली कोण आणि तो कशाने गेला ते सांगितलं.

मग आली तुझ्यावर. म्हणाली, तुमची नात फार हुशार आहे. तोंडावर! माझ्या घरात, परक्या बाईने, खिडक्या उघड्या असताना! मी तिथल्या तिथे चुलीत मीठ टाकलं, फेराझमाल म्हटलं, वाईट ते दूर जावो म्हटलं आणि कामाला लागले. सांगितलं, कसली हुशार हो, कासव बरं. पियानो सुरू केला, सोडला. शिवण सुरू केलं, सोडलं. हातात घेतलेलं काही तडीला नेत नाही. रूप तर तुम्ही पाहिलंच असेल. विसरभोळी इतकी की आजी मेली तरी हिला दुसऱ्या वर्षी कळेल. बाई म्हणाली, पण तिचं काम तर उत्तम आहे. मी म्हटलं, ते दुसऱ्या कुणी लिहून दिलं असेल.

उगाच सगळी नजर तुझ्याकडेच नको, म्हणून नगराध्यक्षांच्या क्लेमेंतिनाचं भरपूर कौतुक केलं. काय रूप, काय गुण, काय वळण. तिला कुणाची दृष्ट लागणार आहे?

तू दोन बरे शब्द मागितले होतेस. बाळा, एकही तोंडातून निसटू दिला नाही. आता निर्धास्त मुलाखतीला जा, तुझ्या वाटेत मी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

तब्येत सांभाळ. माया आहे, ती असल्याचं कुणाला सांगू नकोस.

तुझी,
आजी

(ओरो, मी त्यांना टेबलाखालून पाय मारत होते. त्यांना वाटलं, मांजर आहे. — राइमुंदा)


साओ पाउलो,
११ डिसेंबर १९९६

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं. मुलाखत काल झाली. काल सकाळी पडलं असतं, तर मी घराबाहेर पाऊल टाकलं नसतं.

समोर तिघं होते. पहिल्या दोघांनी हस्तलिखितांचं विचारलं. एका प्रश्नाला मी इतकी गडबडले की उत्तर देता देता प्रश्नच विसरले. त्यात तुझं म्हणणं खोटं नाही. मग फानीबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, मी तुमच्या गावी जाऊन आले. बोलायला संकोच वाटतो, पण न विचारणं तुमच्यावर अन्याय होईल. तुमच्या सख्ख्या आजी म्हणाल्या, ही घेतलेलं काम तडीला नेत नाही आणि प्रबंधही दुसऱ्याने लिहून दिला असावा. यावर तुमचं काय?

आजी, दाराकडे बघितलं, दूर होतं. मग एकाएकी तुझी चूल डोळ्यांपुढे आली. मी विचारलं, आजीने मीठ टाकलं का? फानीबाई म्हणाल्या, हो, मला वाटलं रस्सा अळणी झाला असेल, पण ते पातेल्यात नाही, विस्तवात टाकलं. मी विचारलं, माझ्या रूपाबद्दल काही? त्या लाजल्या. म्हणाल्या, होतं. मी विचारलं, आणि कौतुक कुणाचं केलं? त्या म्हणाल्या, कुणा क्लेमेंतिनाचं, फार गुणी मुलगी दिसते. तिथे मला हसू आवरेना. ते तिघं बघतच राहिले. म्हटलं, बाई, क्लेमेंतिनाने आमची बकरी चोरली होती. तिच्या सावलीत आजी उभी राहत नाही. आमच्या नदीकाठी जी मुलगी गेली तरी चालेल तिचं कौतुक करतात. जिच्यावाचून चालणार नाही, तिला नावं ठेवतात, आणि कुणी परकं चांगलं बोललं तर दुप्पट ठेवतात. मला ज्या बायकांवर पुस्तक लिहायचंय, त्या याच. मी अर्जात पानंच्या पानं घालून हे समजावत होते, आजीने तुम्हाला जेवायला बसवून दाखवलं.

 मग फानीबाईंनी चष्मा परत लावला. त्यांची आजी वॉर्साची. कुणी गालाला हात लावून गोड म्हटलं की ती तीनदा थुंकायची, आणि शाळेतल्या मैत्रिणींपुढे फानीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणाल्या, मी हे कसं विसरले?

निकाल जानेवारीत. मिळेल की नाही, माहीत नाही. ती हस्तलिखितांची गडबड मला खाते आहे. पण काल घरी येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते.

तुझी विसरभोळी,
ओरो


ऑबिदुस,
२२ डिसेंबर १९९६

चि. ओरोस आशीर्वाद. वि. वि.

मला काय ठाऊक, पोलंडच्या लोकांना सगळं उलगडून सांगावं लागतं ते. राइमुंदाने तुझं पत्र वाचलं आणि मी भाजी तशीच करपू दिली. मुली, तुझा गळा मीच कापला असता की गं. रात्रभर वाटत राहिलं, बोटीत बसावं, त्या बाईंकडे जावं आणि खरं सांगावं. पण खरं सांगितलं तर दृष्ट लागेल, मग काय उपयोग. म्हणून गप्प आहे.

जेमेला कळवलंय, दुकानातली खुर्ची दुसऱ्याला दे. तो म्हणाला, निकाल तरी येऊ दे. मी म्हटलं, दे म्हटलं ना.

तुझी,
आजी


साओ पाउलो,
२० जानेवारी १९९७

ती. आजीस शि. सा. न.

मिळाली.

दोन वर्षं, जेरुसलेम, ऑक्टोबरपासून. सकाळपासून चार जणांना सांगायचं ठरवलं आणि कुणालाच सांगितलं नाही, आधी तुला. खोलीचं भाडं, ग्रंथालय, सगळं तेच बघणार. जाण्याआधी जून-जुलै मी तुझ्याकडे येते, ध्वनिमुद्रक घेऊन. शनिवारी बंद ठेवीन. फानीबाईंनी खाली हाताने लिहिलंय, की आजींना सांगा, तुमची नात अगदीच सामान्य आहे.

रडू नकोस. मी रडतेय तेवढं पुरे आहे.

तुझी,
ओरो


ऑबिदुस,
२ फेब्रुवारी १९९७

चि. ओरो हिस आजी मेसोदीचे अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद. (हे तीनदा त्यांनीच लिहायला लावलं. — राइमुंदा)

वि. वि. त्या बाईंना आता समज आली. फार छान लिहिलंय त्यांनी.

राइमुंदाने ते एका शब्दाचं वाक्य वाचलं आणि मी खुर्चीत बसले ती बसलेच. नोव्हेंबरापासून छातीवर ओला गोणपाट पडल्यासारखं होतं, ते कुणी उचललं. मग उठून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि पुन्हा लावल्या, शेजारच्यांना कशाला दिसायला हवं. गावात सांगितलंय, ओरोला जेरुसलेममध्ये कुणाच्या तरी घरी फरशा पुसायचं काम मिळालं. सगळ्यांना तुझी दया आली. क्लेमेंतिनाची आई तर डोळे पुसत होती. बरं वाटलं.

जूनमध्ये ये. मला आठवतं ते सगळं देईन. काही आठवणार नाही ते रचून देईन, तू ओळखून काढ, त्यासाठीच तर तुला पाठवताहेत.

ओरो, ~~तू माझी फार गुणाची आहेस~~

(वरचं वाक्य त्यांनी सांगितलं, मी लिहिलं आणि लगेच म्हणाल्या, खोड. मी खोडलंय. पण हलक्या हाताने. — राइमुंदा)

माया जशी आहे तशीच झाकून ठेवावी.

तुझी,
आजी

ता. क. तिकडे जाणारा प्रत्येक जण घरच्या म्हाताऱ्यांना जेरुसलेमची माती पुरचुंडीत बांधून पाठवतो, मेल्यावर डोक्याखाली ठेवायला. जेमेच्या सासूला आली, तर ती दुसऱ्या महिन्यात खरंच गेली. मला माती धाडू नकोस, मला घाई नाही. खजूर धाड. मोठे, मऊ, आणि बिया आत असू देत. परसात लावायच्या आहेत. राइमुंदा म्हणते, खजुराला फळ धरायला फार वर्षं लागतात. लागू देत. तू दोन डबे पाठव, एक खायला आणि एक लावायला.